कवडीसाठी चाबुकस्वार

माळव्यातल्या धार गावात घोड्याबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण होतं. ज्याच्या दारात शेळीसुद्धा नव्हती, तोही दुसऱ्याच्या घोड्याचा खूर उचलून बघायचा आणि मान हलवायचा. त्यामुळे उदाजीरावांना आपली घोडी शिकवायला चाबुकस्वार हवा आहे ही बातमी बाजारात फुटली, त्या दिवसापासून त्यांना रस्त्यानं सरळ चालता येईना. पानवाला हाक मारी, पुजारी देवळाच्या पायरीवरून हात करी. न्हावी तर अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून आपल्या मावसभावाचं नाव सुचवी, आणि हो म्हणेपर्यंत उरलेल्या अर्ध्या दाढीला हात लावत नसे.

ही १९०७ सालची गोष्ट. उदाजीराव दरबारच्या जुन्या मानकऱ्यांपैकी. मान मोठा, मिळकत बेताची. दुपारभर कचेरीत बसायचं, संध्याकाळी घरी यायचं, आणि दसऱ्याला घोड्यावर बसून मिरवणुकीत आपल्या ठरलेल्या जागी चालायचं, हे त्यांच्या घराण्याचं काम. आदल्या वर्षीच्या वैशाखात त्यांची बायको सावित्रीबाई गेली. मूलबाळ नव्हतं. घरात त्यांची थोरली बहीण यमुनाबाई, जी लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि कवडी.

कवडी म्हणजे घोडी. काळसर तांबडी, आणि कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. सावित्रीबाईंचं माहेर देवासचं. त्यांच्या धाकट्या भावाची, प्रतापरावांची एक घोडी विताना मेली आणि मागे हे शिंगरू राहिलं. सावित्रीबाई तेव्हा माहेरी आलेल्या. प्रतापराव म्हणाले, जगलं तर तुझं. सावित्रीबाईंनी ते गोधडीत गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन देवासहून धारेला आणलं, फडक्याची बोटं दुधात बुडवून चोखायला दिली आणि आतल्या चौकात तुळशीजवळ बांधून वाढवलं.

आता मराठा मानकऱ्याचं घर म्हणजे गोषा आलाच. आतल्या चौकात घरच्या पुरुषाखेरीज पुरुष यायचा नाही. मधल्या दाराला पडदा, आणि पडद्यापाशी येऊन बाहेरच्यानं खाकरायचं. कवडीनं जन्मापासून पाहिल्या त्या बायका. उदाजीराव सोडले तर पुरुष म्हणजे भिंतीपलीकडे खाकरणारा एक प्राणी, एवढीच तिची समजूत होती.

सावित्रीबाईंच्या वर्षश्राद्धाला प्रतापराव देवासहून आले होते. पंगत बसलेली. वर्षभर दुखवट्यामुळे उदाजीराव मिरवणुकीत गेले नव्हते, आणि त्यांचा जुना घोडा तर पाय धरल्यामुळे मळ्यात पडून होता. बोलता बोलता कवडीचा विषय निघाला. तिच्यावर अजून कोणी बसलेलं नाही, ती नुसती आत उभी राहून खाते, हे ऐकून प्रतापरावांनी पंगतीदेखत सांगितलं, "दाजी, घोडी म्हणजे तुळस नव्हे, चौकात लावून पाणी घालायला. येत्या दसऱ्याला तिच्यावर बसून मिरवणुकीत या. नाही जमलं तर मी तिला देवासला नेईन. माझ्या बहिणीची आहे, मी तिला कुजू देणार नाही."

उदाजीरावांच्या तोंडात वडा होता. तोंडात वडा असताना माणसानं शब्द देऊ नये. पण त्यांनी मान डोलवली, आणि ती शंभर डोळ्यांनी पाहिली.

घोडी जाणं म्हणजे काय, हे त्यांना त्या संध्याकाळी समजलं. दिवेलागणीला कवडी स्वयंपाकघराच्या दारात येऊन डोकं आत घालायची. सावित्रीबाई तिला हातानं भाकरी द्यायच्या. आता उदाजीराव द्यायचे. कवडी भाकरी घ्यायची आणि मग मान वाकडी करून त्यांच्या पाठीमागे बघायची, अजून कोणी येतंय का. पहिल्यांदा ती अशी बघायला लागली तेव्हा उदाजीरावांनीही मागे वळून पाहिलं होतं. आता त्या दोघांना ती सवयच झाली होती. घोडी गेली तर ह्या घरात त्यांच्याबरोबर मागे वळून बघणारं कोणी उरणार नव्हतं.

तेव्हा चाबुकस्वार हवाच होता, आणि तोही चांगला.

पहिला त्यांनी मिशांवरून निवडला. शालिग्राम नावाचा माळव्यातलाच गडी, मिशा अशा की दोन्ही बाजूंना एकेक पोपट बसावा. त्यानं बाहेरच्या चौकात उभं राहून चाबूक हवेत फोडला आणि भावाला भिया म्हणायच्या माळवी थाटात म्हणाला, "भिया, अशा घोड्या मी नाश्त्याला खातो." बघायला गल्ली जमली होती. उदाजीरावांनी भाकरी दाखवत कवडीला पडद्याबाहेर आणलं. शालिग्रामनं दोर लावून तिला डाव्या अंगानं गोल फिरवायला सुरुवात केली. कवडी अर्धा फेरा गेली, थांबली, त्याच्या मिशांकडे नीट बघितलं, आणि दोरासकट पडदा फाडून आतल्या चौकात निघून गेली.

शालिग्राम चाबूक उगारून मागे धावला तो दारापर्यंत. आतून यमुनाबाई खाकरल्या. नेहमी पुरुष खाकरतात. त्या दिवशी बाई खाकरली, आणि ती अशी खाकरली की शालिग्रामनं पागोटं सारखं केलं, फाटक्या पडद्याला मुजरा केला आणि ओट्यावर येऊन बसला. आत कवडी पेरू खात होती. ते बाहेर ऐकू येत होतं.

रोज हाच खेळ. कवडीला त्याची गोडीच लागली. शालिग्राम दिसला की ती आपण होऊन बाहेर येई, अर्धा फेरा घेई आणि आत पळे, जशा लहान पोरी शिवाशिवीत घराला हात लावून येतात तशी. आठवड्याभरात शालिग्रामच्या मिशा खाली आल्या. जाताना त्यानं उदाजीरावांना एवढंच सांगितलं की घोडीत खोट नाही, खोट घराच्या बांधणीत आहे. आधी दार बुजवा आणि मग चाबुकस्वार बोलवा.

दुसऱ्या वेळी उदाजीरावांनी मोरोपंतांचा सल्ला घेतला. मोरोपंत कचेरीतले कारकून. ते स्वतः कधी गाढवावरही बसले नव्हते, पण घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून भविष्य सांगत. त्यांनी चष्मा लावून, बऱ्याच अंतरावरून कवडी पाहिली आणि सांगितलं की हिच्या मानेवरचा भोवरा शिस्तीचा आहे, हिला लष्करी माणूस पाहिजे. महूच्या छावणीजवळ अण्णा म्हणून रिसाल्यातले पेन्शनर दफेदार होते. ते आले. त्यांनी आधी मधलं दार लावून आतून अडसर घालायला सांगितलं, मग छाती पुढे काढून गोऱ्या साहेबाच्या आवाजात हुकूम सोडला. हुकूम इंग्रजी होता. कवडीला मराठीही जेमतेम समजत असे. ती मधल्या दाराकडे धावली, दार बंद; मग ती वळली, अण्णांच्या बाजूनं निघाली, अण्णा शिस्तीत बाजूला झाले, आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या तात्यासाहेबांच्या घरात शिरली. तिथेही पडदा होता. तो कसा उघडायचा हे तिला आता माहीतच होतं.

परक्या घराच्या गोषात आपली घोडी शिरली. उदाजीराव तात्यासाहेबांच्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. आतून आधी किंचाळ्या आल्या, मग हसणं, मग बांगड्यांचा किणकिणाट आणि टापांचा ठेका. तात्यासाहेब शांतपणे सुपारी कातरत होते. संध्याकाळी त्यांच्या सुनांनी निरोप पाठवला की घोडी अगदी गरीब आहे, गाईपेक्षा गरीब, आमच्याभोवती सबंध दुपार फिरली, अजून थोडा वेळ राहू द्यावी. आयाळीच्या वेण्या घातलेली कवडी दिवेलागणीला परत आली. अण्णा दफेदार तोवर महूला निघून गेले होते.

ही गोष्ट गावात इतकी गाजली की उदाजीराव कचेरीत शिरले की कारकून आधी खाकरायचे.

श्रावण सरला. शेवटी त्यांनी टांगा केला आणि मधे इंदूरला मुक्काम करून देवास गाठलं. देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची तर ती बाजू दुसऱ्याची. ह्या बाजूला विचारावं तर लोक सांगत, त्या बाजूला घोड्याचं शेपूट कुठलं आणि तोंड कुठलं हे कळणारा माणूस नाही. त्या बाजूला विचारावं तर तेच उलटं. शिवाय बायको गेलेला माणूस धुतलेला अंगरखा घालून घरोघर चौकशी करतो आहे म्हटल्यावर दोन ठिकाणी दुधाच्या पेल्याबरोबर लग्नाच्या मुलीही बाहेर आल्या. उदाजीराव दूध प्यायले आणि मुलींना आशीर्वाद देऊन उठले.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रघुजी नावाच्या एका चाबुकस्वाराला दोन्ही बाजू सारख्याच शिव्या देत होत्या. हे म्हणत तो त्यांचे घोडे शिकवतो, ते म्हणत तो ह्यांचे. उदाजीरावांनी विचार केला, दोन्हीकडच्या लोकांना ज्याचा इतका राग येतो, त्याला काम येत असलं पाहिजे. प्रतापरावांना त्यांनी हे बोलून दाखवलं. प्रतापराव पोट धरून हसले आणि म्हणाले, न्या त्याला, आणि तो हरला की येताना त्याच्याचबरोबर घोडी पाठवा, माझी खेप वाचेल.

रघुजी हा दिसायला काहीच नव्हता. मिशा नाहीत, छाती नाही. कशालाही नाकातून हसायचा. धारेला आला तेव्हा त्याच्या हातात चाबूकही नव्हता. तो बाहेरच्या चौकात उकिडवा बसला आणि उदाजीरावांना म्हणाला, घोडी तुम्हीच आणा, आणि नुसता तिच्या पाठीवर आडवा हात टाका, जरा भार द्या.

उदाजीरावांनी हात टाकून भार दिला. कवडीनं पाय थोडे फाकवले, पाठ सैल केली, दोन्ही कान मागे वळवले आणि वाट बघत उभी राहिली.

रघुजीचं हसू थांबलं. "राव, ही कोरी घोडी नाही. हिच्यावर कोणीतरी रोज बसत होतं."

"आमच्या आतल्या चौकात परका पुरुष पाऊल टाकत नाही."

"पुरुष कोण म्हणालं?" रघुजी म्हणाला.

उदाजीरावांचे कान तापले. रघुजी उठला, धोतर झटकलं आणि सांगितलं की शिकलेल्या घोडीला पुन्हा शिकवून तो आपलं नाव घालवणार नाही. ज्यानं शिकवलं त्यालाच विचारा. तोवर ओट्यावर त्याला एक घोंगडी आणि वेळेवर जेवण मिळालं तर तो थांबेल, कारण पुढे काय होतं हे त्यालाही बघायचं होतं.

उदाजीराव आत गेले. यमुनाबाई वाती वळत होत्या.

"आक्का, कवडीवर कोण बसत होतं?"

यमुनाबाईंनी हातातली वात पुरी केली, ताटात ठेवली. "सावित्री."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उदाजीराव दुपारी कचेरीत गेले की सावित्रीबाई दाराला अडसर घालायच्या, लुगड्याचा कासोटा घट्ट करायच्या आणि तुळशीच्या ओट्यावरून कवडीवर चढायच्या. ना खोगीर, ना लगाम, आयाळ धरून. मग तुळशीभोवती फेऱ्या, उजव्या अंगानं, प्रदक्षिणेच्या. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, आणि मनात आलं की भरधाव. लहानपणी देवासच्या मळ्यात भावाबरोबर त्या बसायला शिकल्या होत्या. यमुनाबाई पहिल्यांदा घाबरल्या, मग रागावल्या, मग रोज दुपारी माजघराच्या उंबऱ्यावर बसून बघायला लागल्या. कचेरीतून परतणाऱ्या उदाजीरावांना सावित्रीबाईंचा चेहरा लाल दिसायचा तो चुलीमुळे नव्हता.

"मला बोलली का नाहीस?"

"तू धारेत विचारलंस, देवासात विचारलंस. माजघरात कधी विचारलंस?"

उदाजीराव पायरीवर बसले. आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो थोडा शोधलाही. पण डोळ्यांपुढे आली ती नाकात नथ घातलेली, पंगतीत वाढताना मान वर न करणारी त्यांची बायको, कासोटा खोचून तुळशीभोवती भरधाव. त्यांचे खांदे हलायला लागले. यमुनाबाईंना वाटलं रडतोय, म्हणून त्या पाणी आणायला उठल्या. पण उदाजीराव हसत होते. वर्ष-दीड वर्षात त्या घरात कोणी एवढ्यानं हसलं नव्हतं. बाहेर ओट्यावर रघुजीलाही ते लागलं आणि तो का ते न कळता नाकातून हसत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, पण घोडीची नव्हे, उदाजीरावांची. ते आतल्या चौकात, यमुनाबाई उंबऱ्यावर, आणि रघुजीला आत यायची बंदी असल्यामुळे तो भिंतीपलीकडून ओरडून विचारायचा, "बसू दिलं का?" कवडीनं बसू दिलं. लगाम, खोगीर, काहीही चढवा, तिची तक्रार नव्हती. पण ती हलेना. यमुनाबाईंनी आठवून आठवून सावित्रीबाई जीभ कशी वाजवायची ते वाजवून दाखवलं, "चल गं बाई" म्हणून पाहिलं. भिंतीपलीकडून रघुजीनं सुचवलं की वास लागत असेल, बाईसाहेबांचं काहीतरी अंगावर घ्या. तेव्हा दरबारचे मानकरी उदाजीराव बायकोचा जरीकाठी शेला पांघरून घोडीवर बसले. कवडीनं मान वळवून शेला हुंगला, लांब उसासा टाकला आणि खांबासारखी उभी राहिली. शेल्याला अजून वाळ्याचा वास होता. उदाजीरावही बराच वेळ तसेच बसून राहिले. त्या दिवशीची शिकवणी तिथेच संपली.

नवरात्र बसलं. दसरा समोर दिसायला लागला. प्रतापरावांचा निरोप आला की देवासच्या मिरवणुकीत ते धाकट्या भावाला पाठवून स्वतः धारेला येत आहेत, आणि येताना घोडी बांधायचा दोर आणत आहेत.

अशा वेळी एका दुपारी मालन कासारीण आली. सणासुदीला घरोघर बांगड्या भरायला यायचा तिचा रिवाज. ह्या घरात आता बांगड्या भरणारं मनगट नव्हतं, पण पायाला सवय असते. सवयीनं ती मागच्या दारानं आत आली, आणि आल्यावर तिला आठवलं. आता परत फिरणंही बरं दिसेना. म्हणून ती तुळशीजवळ टेकली आणि काहीतरी करायचं म्हणून तिनं बोचकं सोडलं, बांगड्यांची माळ उचलली आणि झटकली.

उदाजीराव त्या वेळी कवडीवर बसून, आता काय करावं, असा विचार करत होते. त्यांना तो विचार पुरा करता आला नाही. कवडीचे कान टवकारले आणि ती निघाली. तुळशीला उजवी घालून, झोकात, मान डोलवत. उदाजीरावांनी आयाळीला मिठी मारली. मालन दचकली, तिच्या हातातली माळ आणखी वाजली, कवडी दुडक्या चालीवर आली. मालन घाबरून उठली आणि दोन्ही हात हलवत "अरे बाप रे, सांभाळा राव," म्हणायला लागली. दोन्ही हात बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेले. कवडी भरधाव सुटली.

"काय झालं? काय झालं?" भिंतीपलीकडे रघुजी उड्या मारत होता.

"चालली," यमुनाबाई ओरडल्या. जन्मात पहिल्यांदा त्या परपुरुषाशी बोलल्या.

"मग थांबवा."

ते कोणालाच माहीत नव्हतं. उदाजीरावांचं पागोटं तुळशीवर पडलं, जोडा वाळवणातल्या वड्यांवर, आणि ते स्वतः "आक्का, आक्का" करत फेऱ्यामागून फेरे घेत राहिले. मग मालनचं अवसान गेलं, ती मटकन खाली बसली आणि हात मांडीत घेतले. बांगड्या गप्प झाल्या. कवडी जागच्या जागी थांबली. उदाजीराव थोडे पुढे जाऊन थांबले, तुळशीच्या ओट्याच्या पलीकडे, जमिनीवर.

धूळ खाली बसली. मग यमुनाबाईंनी आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. सावित्री डावा हात वर करून हलवायची आणि थांबायचं असलं की मांडीवर ठेवायची, हे त्यांना आत्ता आठवलं. "म्हणून माझं ऐकत नव्हती होय," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला आवाजच नाही." आणि त्या असं काही हसल्या की मालनला आधी डोळे पुसावे लागले आणि मग हसावं लागलं.

पुढचे दिवस खटपटीत गेले. बांगड्या लगामाला बांधून पाहिल्या. कवडीनं मान हलवली की त्या वाजत, त्या वाजल्या की ती धावे, धावली की आणखी वाजत. उदाजीराव पुन्हा जमिनीवर. घुंगरू लावून पाहिले. तिनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. काच काचेवरच वाजायला हवी होती, आणि मनगटावरच, म्हणजे हात मांडीवर ठेवला की ती गप्प होईल. शेवटी रघुजीनं भिंतीपलीकडून निकाल दिला, "राव, घोडीला दुसरा चाबुकस्वार मिळणार नाही. तुम्हीच बांगड्या भरा."

मराठ्याला बांगड्या भर म्हणणं म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यापायी तलवारी निघालेल्या आहेत. उदाजीराव एक रात्र झोपले नाहीत. सकाळी त्यांनी मालनला बोलावून घेतलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी प्रतापराव दोर घेऊन बाहेरच्या चौकात हजर झाले. उदाजीराव बाहेर येईनात तेव्हा त्यांनी हाक दिली, "दाजी, आत बांगड्या भरताय की काय?"

आत मालन शेवटची बांगडी चढवत होती. तिच्याकडचं सगळ्यात मोठं माप, एका पैलवानाच्या बायकोसाठी ठेवलेलं, तेही हाताला तेल लावून. यमुनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. रिवाजाप्रमाणे मालननं मोजून बांगड्या भरून झाल्यावर एक जास्तीची भरली आणि म्हणाली, ही वैनीसाहेबांची. उदाजीरावांनी अंगरख्याची बाही मनगटावर ओढली, आणि रिवाजाप्रमाणेच कासारणीला नमस्कार केला.

ते घोडीवर बसून बाहेर आले तेव्हा प्रतापरावांच्या हातातला दोर खाली गेला. बाही जरा वर करून, हात हळूच हलवून त्यांनी कवडीला मिरवणुकीत नेलं, आपल्या जागी उभं केलं आणि बाही पुन्हा खाली ओढली. नगारे वाजले. सगळ्यात पुढे महाराजांचा हत्ती, मागे सरदार, मानकरी. रांग निघाली. उदाजीरावांनी बाहीतल्या बाहीत हात हलवला. जाड कापडात बांगड्या दबल्या, आवाज फुटेना. कवडी हलली नाही.

मागचे घोडे येऊन अडले. मागचे मानकरी भैयासाहेब करवादले. कोणीतरी खाकरलं, दहा जण हसले. प्रतापराव कडेनं चालत येत होते. त्यांनी दोराचा फास सारखा केला आणि लगामाकडे हात नेला. कवडीनं मान वळवली आणि उदाजीरावांच्या पाठीमागे बघितलं, अजून कोणी येतंय का.

उदाजीरावांनी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि डावा हात सबंध धारेसमोर उंच धरून खळखळा हलवला.

हिरव्या बांगड्या उन्हात चमकल्या. कवडी निघाली. पुरुषांत हशा उसळला. पण त्याहून मोठं हसणं वरून आलं. दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांत, बांबूच्या चिकांच्या पडद्यांमागे गावच्या बायका बसल्या होत्या. मिशा, मंदील आणि कोपरापर्यंत काकणं, असा मानकरी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कोणी टाळी दिली, कोणी तोंडावर हात नेला, कोणी शेजारणीला ढोसलं, आणि सगळ्या रस्त्यावर वरून बांगड्यांचा पाऊस वाजायला लागला.

कवडीला एवढी शाबासकी कधीच मिळाली नव्हती. ती दुडकली, मग नाचली, मग सुटली. उदाजीराव पुढे चाललेल्या तात्यासाहेबांना ओलांडून गेले, सरदारांना ओलांडून गेले, प्रत्येकाला जाता जाता रामराम करत, कारण थांबता येत नसलं तरी रीत सोडता येत नाही. तात्यासाहेबांच्या सुनांच्या सज्ज्याखाली कवडीनं एक गिरकीही घेतली. पुढे हत्तीचं शेपूट दिसलं. हत्तीच्या पुढे जाणं म्हणजे मानच काय, घरदारही गेलं. सज्जे मागे पडले होते, त्यांचा किणकिणाट पुसट झाला होता. उदाजीरावांना सावित्रीबाईंची आठवण आली. त्यांनी हात शांतपणे मांडीवर ठेवला, आणि कवडी हत्तीच्या मागे हातभर अंतरावर, पाय जुळवून, गरिबासारखी चालायला लागली.

शमीचं पूजन झालं. सोनं वाटायची गर्दी उडाली तेव्हा प्रतापराव धापा टाकत पोहोचले. दोर वाटेत कुठेतरी टाकून दिला होता. ते हसत नव्हते. त्यांनी उदाजीरावांच्या मनगटाकडे पाहिलं.

"हा आवाज ताईचा आहे," ते म्हणाले. "मळ्यात बसायची तेव्हा असाच हात हलवायची. दाजी, घोडी कुणी शिकवली?"

"तुमच्या ताईनं."

"आणि तुम्हाला?"

"तिनंच," उदाजीराव म्हणाले, आणि आपट्याचं पान मेहुण्याच्या हातात ठेवलं.

रघुजी देवासला परतला. तिथल्या दोन्ही बाजूंना त्यानं ही गोष्ट सांगितली, आणि दोन्ही बाजूंनी ती खोटी ठरवली. धारेत महिनाभर लोक उदाजीरावांना बघून खाकरायचे. ते उत्तरादाखल हात हलवून दाखवायचे. मग लोकांनाच कंटाळा आला. दिवेलागणीला कवडी पूर्वीसारखी स्वयंपाकघराच्या दारात यायची, भाकरी घ्यायची, आणि हल्ली मागे बघण्याआधी मनगट हुंगायची.

दिवाळीच्या आधी मागचं दार वाजलं. यमुनाबाईंनी डोकावून पाहिलं आणि माजघरातूनच आवाज दिला, "उदाजी, हात धुऊन ये. तुझी कासारीण आली."